मलप्रभेच्या डोहात कॅमेरा न्यायचाय, वॉटरप्रूफ केस कुठली घ्यावी?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. आमच्याकडे पावसाळ्यात नदी तांबडीलाल असते, पण दिवाळीनंतर पाणी निवळायला लागतं आणि जानेवारीत हब्बनहट्टीच्या आसपास तळाचे गोटे मोजता येतात. गेल्या वर्षी आम्ही पत्र्याच्या डब्याचा तळ कापून तिथं काच बसवली. तो डबा पाण्यावर धरून पोरं खाली बघत बसायची. झिंग्याचं अंग इतकं पारदर्शक असतं की पाठीकडच्या बाजूला त्याचं काळीज उडताना दिसतं. एका मुलीनं ते पाहिलं आणि दहा मिनिटं डबा कुणाला दिला नाही.

हे वर्गात सगळ्यांना दाखवायचंय. माझ्याकडे आठ वर्षांपूर्वीचा छोटा डिजिटल कॅमेरा आहे, फोटो अजून चांगले येतात. त्याला पाण्यात नेण्यासाठी केस घ्यावी म्हणतोय. पाणी जास्तीत जास्त दोन पुरुष, बहुतेक वेळा कंबरभरच. मे महिन्यात जमलं तर मालवणला जायचा विचार आहे. प्लास्टिकची पिशवी, कडक केस की सरळ दुसरा कॅमेरा? पैसे माझ्या पगारातले आहेत, त्यामुळं एकदाच आणि नीट घ्यायचंय.

कारवारी_दर्या

सर, तुमचा प्रश्न चांगला आहे, पण त्याची सुरुवात उलटी झालीय. कॅमेरा ठरला आणि मग केस शोधायची, इथंच बहुतेकांचे पैसे जातात. कडक केस ही एकाच मॉडेलसाठी, फार तर एकाच मालिकेसाठी बनवलेली असते. कॅमेऱ्याच्या प्रत्येक बटणासमोर केसमध्ये एक दांडी असते आणि ती बरोबर त्याच बटणावर पडावी लागते. पुढच्या मॉडेलमध्ये बटण चार मिलिमीटर सरकलं तरी जुनी केस बाद. आठ वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याची केस आता नवीन मिळणं जवळजवळ अशक्य आहे. जुनी मिळाली तर तिचं रबर किती वाळलंय हे पाण्यात गेल्यावरच कळणार.

म्हणून जोडी निवडा. मी मुर्डेश्वरहून नेत्राणी बेटावर डायव्हिंगला जातो, तिथं लोकांच्या हातात साधारण तीन जोड्या दिसतात. एक ऑलिंपसचा टीजी-६ किंवा त्यानंतर ओएम सिस्टमच्या नावानं आलेला टीजी-७. हा केसशिवाय १५ मीटरपर्यंत चालतो, आणि पीटी-०५९ नावाची केस लावली की ४५ मीटर. दुसरी सोनी आरएक्स१०० मालिका आणि त्यांचीच एमपीके-युआरएक्स१००ए ही केस, ४० मीटर. तिसरा गोप्रो, हा छोटा व्हिडिओ कॅमेरा. त्याची हिरो ९ पासून १२ पर्यंतची मॉडेलं नुसती १० मीटर, केसमध्ये ६० मीटर. याच्या वर ॲल्युमिनियमच्या केसेस असतात. त्या सुंदर असतात, पण अनेकदा आतल्या कॅमेऱ्यापेक्षा केस महाग पडते. त्या वाटेला तुम्ही आत्ता जाऊ नका.

शहापूरचा_घड्याळजी

मास्तर, पिशवीबद्दल दोन शब्द. माझा घड्याळदुरुस्तीचा धंदा आहे. घड्याळावर '३० मीटर' लिहिलेलं वाचून लोक विहिरीत सूर मारतात आणि काचेखाली वाफ घेऊन दुकानात येतात. तो आकडा स्थिर दाबाच्या चाचणीचा असतो. व्यवहारात तेवढ्या आकड्याचा अर्थ पावसाचे शिंतोडे आणि हात धुणं एवढाच. वरून उडी मारली की क्षणभर बसणारा धक्का वेगळाच.

चांगल्या कंपनीच्या मऊ पिशव्या पाच-दहा मीटरचा आकडा सांगतात आणि होडीत, धबधब्याखाली त्या खरंच उपयोगी आहेत. पण पाण्याखाली गेलं की पिशवी कॅमेऱ्याला चिकटते, बटणं दाबता येत नाहीत, लेन्स बाहेर येताना प्लास्टिकला अडते. किनाऱ्यावर गळ्यात अडकवतात ती मोबाईलची साधी पाकिटं तर या कामाला धरूच नका. आणि मोबाईल स्वतः वॉटरप्रूफ आहे म्हणून कुणी सांगेल, तर पाण्यात टचस्क्रीन चालत नाही, आणि पाण्यानं झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, हे आधी वाचून घ्या.

टिळकवाडीकर

मी आरएक्स१०० वापरते, केससकट. दोन वर्षं मालवणला जातेय, त्यातून शिकलेलं सांगते.

केसची पुढची काच सपाट असते. पाण्यातून, काचेतून, मग हवेतून प्रकाश येताना वळतो, त्यामुळं पाण्यातली वस्तू पाऊण अंतरावर असल्यासारखी आणि एक तृतीयांशानं मोठी दिसते. फोटोग्राफीच्या भाषेत २५ मिलिमीटरची रुंद लेन्स पाण्यात ३३ मिलिमीटरसारखी वागते. म्हणजे जमिनीवर सगळा वर्ग मावत होता, तिथं पाण्यात मधल्या दोन रांगाच मावणार. अर्धगोलाकार काच लावली की हे टळतं, पण छोट्या केसेसना ती सोय क्वचितच असते. म्हणून केस घेताना तिच्या तोंडाला पुढून जादा लेन्स लावायची सोय आहे का हे विचारा. आज नाही घेतली तरी उद्या घ्यावीशी वाटेल.

दुसरं रंगाचं. पाणी तांबडा रंग आधी खातं. चार-पाच मीटरवर गेलं की लाल कुंकूसुद्धा मळकट तपकिरी दिसतं. त्यामुळं कॅमेऱ्यात पाण्याखाली व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगांची जुळणी) हातानं लावता येतो का, आणि तो लावायचं बटण केसमधून दाबता येतं का, हे दुकानात बसूनच तपासा. मी एक पांढरी प्लास्टिकची पट्टी मनगटाला बांधते आणि खाली गेल्यावर तिच्यावरून रंग जुळवून घेते. तुमच्या दोन पुरुष पाण्यात हा त्रास कमी होईल, सर. मालवणला मात्र होणारच.

मलप्रभाकाठ

फार मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. टिळकवाडीकर ताई, एक शंका. मागच्या वर्षी पुण्याच्या भाच्याचा कॅमेरा आणून डोहात फोटो काढले होते. डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसत होतं, पण फोटोत सगळीकडे पांढरे ठिपके, जणू गारा पडल्यात. कॅमेऱ्याचा दोष की पाण्याचा?

कारवारी_दर्या

दोष फ्लॅशच्या जागेचा. खानापूरची माती कौलांची. ती पाण्यात अगदी बारीक होऊन तरंगत राहते, डोळ्यांना जाणवतही नाही. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला खेटून असतो, त्याचा उजेड त्या कणांवर पडून सरळ लेन्समध्ये परत येतो. फ्लॅश बंद करा. ढग नसलेल्या दिवशी अकरा ते दोनच्या मध्ये काढा, ऊन पाठीशी ठेवा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जवळ जा. अजून जवळ जा. कॅमेरा आणि मासा यांच्यामध्ये पाणी जितकं कमी, तितका फोटो स्वच्छ. समुद्रात मी हातभर अंतर धरतो, नदीत वीतभरसुद्धा जास्त आहे. म्हणून तुमच्या कामाला मी टीजी-६ सुचवीन. त्याचा मायक्रोस्कोप मोड लेन्सपासून १ सेंटिमीटरवरचं टिपतो. तुमचा झिंगा आणि कॅमेरा यांच्यात पाणीच उरणार नाही. गोप्रो इथं कमी पडेल. त्याचा फोकस कायमचा बसवलेला असतो आणि फूटभराच्या आतलं धूसर येतं. पोहणाऱ्या पोरांचा व्हिडिओ काढायचा असेल तर मात्र त्याच्यासारखा दुसरा नाही.

एक सावधगिरी. हे वाचून कुणी कृष्णेत उतरू नये. चिकोडी-अथणी पट्ट्यात मगरी आहेत. राकसकोप हे बेळगावच्या पिण्याचं पाणी आहे, तिथंही नको. आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीतला ओढा कितीही निर्मळ असला तरी वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय जायचं नाही.

निपाणीकर

माझं पण ऐका सर, म्हणजे तुमचं नुकसान व्हायचं नाही. चार वर्षांपूर्वी मी कडक केस घेतली, नवीकोरी. मालवणला होडीत बसल्या-बसल्या बॅटरी बदलली, केस बंद केली आणि पाण्यात उतरलो. कंबरभर पाण्यात असतानाच काचेच्या आत खालच्या कोपऱ्यात पाण्याची एक रेघ दिसली. मी म्हटलं बाहेरून असेल, बोटानं पुसली. पुसली जाईना. वर येईपर्यंत अर्धी केस भरली होती आणि कॅमेऱ्याचा पडदा एकदा निळा होऊन विझला.

घरी येऊन भिंग घेऊन बघितलं. पंच्याच्या सुताचा एक तंतू, नखाएवढा, रबराच्या रिंगेवर आडवा पडलेला. होडीत हात पुसले होते ना त्याच पंच्याला. केस बरोबर होती, कॅमेरा बरोबर होता, माझ्या हातानं घालवला. तेव्हापासून मी होडीत केस उघडत नाही, काय वाटेल ते होवो. बॅटरी संपली तर संपली.

शहापूरचा_घड्याळजी

निपाणीकरांसारखं कुणाचं झालं तर पहिल्या मिनिटात बॅटरी काढा. कॅमेरा चालू करून बघायचा मोह आवरा, त्या एका दाबण्यानं उरलंसुरलं जळतं. खारं पाणी शिरलं असेल तर गोड्या पाण्यात बुडवून मीठ काढायचं आणि तसाच दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा. तांदळाच्या डब्यात ठेवून मीठ निघत नाही. खरं सांगायचं तर खाऱ्या पाण्यातून वाचलेले कॅमेरे मी फार थोडे पाहिलेत, नदीच्या पाण्यातले त्यामानानं बरेच.

उद्यमबाग_फिटर

ओ सर, मी हा धागा चार दिवस वाचूलालोय. उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरच्या कामावर एकवीस वर्षं झाली. तुम्ही सगळे ज्याला रबर म्हणता ती ओ-रिंग म्हणजे आमची रोजची भाकरी. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ओ-रिंग काय करते ते आधी समजून घ्या. ती खाचेत बसते आणि दार लावलं की थोडी चेपते. त्या चेपण्यानंच पाणी अडतं. ग्रीसनं अडत नाही. ग्रीसचं काम एवढंच की रिंग खाचेत सरकताना पिळू नये, चिमटू नये. काही लोक लोणी फासल्यासारखं ग्रीस लावतात, मग त्याच ग्रीसला वाळू आणि केस चिकटतात. चण्याएवढं ग्रीस घ्या, दोन बोटांत घेऊन रिंग त्यातून ओढा, रिंग फक्त चमकली पाहिजे. बोटांना बारीक खडा लागला तर तो आत्ताच लागला म्हणून देवाचे आभार माना.

कुठलं ग्रीस हेही महत्त्वाचं. रिंग सिलिकॉनची असेल आणि तिला भलतंच सिलिकॉन ग्रीस लावलं तर ती फुगू शकते. व्हॅसलीन, खोबरेल, मशीनचं तेल यातलं काही लावायचं नाही. केसबरोबर कंपनीची जी ट्यूब येते तीच. आणि रिंग काढायला सुई, टाचणी, स्क्रू-ड्रायव्हर नको. खाचेला पडलेला चरा नवीन रिंग घालूनही जात नाही. दोन्ही बाजूंनी अंगठ्यानं रिंग मध्ये सरकवा, फुगा येतो, तो धरून उचला.

आता दाबाचं. दर १० मीटरला पाणी चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलोचा भार टाकतं. छोट्या केसचं दार १२ गुणिले ८, म्हणजे शंभरेक चौरस सेंटिमीटर. १० मीटरवर त्या दारावर एक क्विंटल बसतो. लोकांना त्याचीच भीती वाटते, पण तो क्विंटल दाराला रिंगेवरच दाबतो की! खोल गेल्यावर दार आणखी घट्ट बसतं. धोका वरच, गुडघाभर पाण्यात, जिथं दाबायला पाणीच नाही आणि सगळा भरवसा तुमच्या खटक्यावर. निपाणीकर अण्णांचं कंबरभर पाण्यात झालं ते म्हणूनच. तेव्हा मास्तर, 'मी कुठं खोल जाणार' म्हणून निष्काळजी राहू नका.

केस आली की पहिल्या दिवशी कॅमेरा घालायचा नाही. आत कोरडा टिश्यू पेपर ठेवा, दगडाला बांधून घरच्या हौदात तासभर सोडा, पाण्यातच एकेक बटण वीस-पंचवीस वेळा दाबा. बटणांच्या दांड्यांनाही छोट्या रिंगा असतात, त्या हालताना गळतात. वर काढून आधी बाहेरून पुसा, मगच उघडा. कागदाला ओलीचा डाग नको.

आणि ही एक गोष्ट मी स्वतः करूलालोय, दुसरीकडं कुठं वाचलेली नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. इथली हवा मालवणपेक्षा आठ-नऊ टक्के विरळ. इथं सकाळी केस बंद करून आंबोली घाट उतरला की आतली हवा विरळ आणि बाहेरची दाट. दारावर आठ-नऊ किलोचा भार आपोआप. फुकटात व्हॅक्युम टेस्ट! मालवणला रिकामी केस उघडून बघा. 'फुस्स' करून हवा आत गेली, दार ओढून धरल्यासारखं वाटलं, तर सील शाबूत. दार गपकन उघडलं तर वाटेत कुठंतरी हवा शिरलीय, तिथं पाणीही शिरणार.

टिळकवाडीकर

फिटर दादा, हे वाचून मी उठून केस हातात घेतली. पण एक हिशेब राहिला का बघा. बेळगावात पहाटे वीस अंश असतं, मालवणला दुपारी बत्तीस. आतली हवा तापली की तिचा दाब वाढणार, मग तुमची 'फुस्स' विरून जाईल ना?

उद्यमबाग_फिटर

बरोबर धरलंत अक्का. बारा अंशांना चार टक्के वाढतो. म्हणजे आठातले चार उरतात, पण उरतात. तरी परीक्षा करायची तर केस सावलीत, गार पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवा आणि मग उघडा. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली केस उघडून काहीच कळणार नाही. तिथं ठेवायचीच नसते, पॉलिकार्बोनेट प्लास्टिक आहे ते. थिनर, पेट्रोल, ॲसिटोनही त्याला लावू नका, बारीक तडे जातात.

पहाटे बंद करायचा दुसरा फायदा वाफेचा. आत कोंडलेली हवा दमट असली की कॅमेरा तापतो, काच पाण्यानं गार राहते आणि आतून धुकं धरतं. आपल्याकडे थंडीत पहाटेच्या गार हवेत वाफ कमी असते. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या ताज्या पुड्या आत टाका, पण रिंगेच्या वाटेत येणार नाहीत अशा.

मलप्रभाकाठ

आठवडाभर विचार केला. जुन्या कॅमेऱ्याला केस शोधायचा नाद सोडला. बंगळूरच्या एका ओळखीच्यांकडून वापरलेला टीजी-६ घेतोय. नदीत नुसताच वापरेन, मालवणचं ठरलं तर तेव्हा पीटी-०५९ बघेन.

निपाणीकर

सर, चुकूलाय. वापरलेला आहे म्हणताय, मग केस आत्ताच घ्या. त्याच्या बॅटरीच्या आणि केबलच्या दारांचं रबर किती जुनं कुणाला ठाऊक. केस असली तर दोन कडी लागतात. एक कडी निसटली तरी दुसरी असते.

कारवारी_दर्या

निपाणीकरांचं म्हणणं मला पटतं आणि पटतही नाही. केस लावली की मायक्रोस्कोप मोडचा १ सेंटिमीटर केसच्या काचेतच संपायला लागतो आणि दगडाच्या कपारीत हात शिरत नाही. नदीतल्या कामाला नुसता कॅमेराच हवा. पण कंपनी स्वतःच वर्षाला एकदा सील बदलून घ्या म्हणते, ते आधी करून घ्या. तोवर पाण्यात नको. दारांना दुहेरी खटका आहे, दोन्ही लागलेत का रोज तपासा. आणि गळ्यातल्या पट्ट्याला तरंगणारा तुकडा बांधा, हा कॅमेरा सोडला की तळाला जातो.

निपाणीकर

मी असतो तर घेतली असती. एवढंच.

मलप्रभाकाठ

मंडळी, कळवायला उशीर झाला. सील बदलून कॅमेरा आला, हौदात एक दिवस काढला, आणि काल पोरांना घेऊन नदीवर गेलो. दोघं पालक दोर धरून उभे होते, कंबरेच्या पुढं कुणालाही जाऊ दिलं नाही.

पहिले चाळीस फोटो वाया. मासे पळाले, आमच्याच पायांनी गाळ उठला. मग एका दगडाआड प्रवाहाच्या खालच्या अंगाला न उभं राहता वरच्या अंगाला तोंड करून बसलो, गाळ मागं वाहून गेला आणि पाणी स्वच्छ झालं. फ्लॅश बंद, ऊन पाठीशी, कॅमेरा दगडावर टेकवलेला. दहा-बारा मिनिटांनी एक झिंगा आपण होऊन लेन्ससमोर आला आणि काचेवर मिशा फिरवायला लागला.

आज शाळेत तो फोटो पडद्यावर लावला. पोटाखाली अंड्यांचा घोस आहे, प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके. गेल्या वर्षी डबा न सोडणारी ती मुलगी उठून पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, "सर, हे डोळे आहेत." ती अंडी मोजत होती, मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी थांबली नाही. बत्तीसपर्यंत तिचा हिशेब लागलाय, मागच्या बाजूची दिसत नाहीत म्हणते. दुसऱ्या बाजूनं फोटो काढायला रविवारी परत जायचंय. फिटर दादा, तुम्हाला वेळ असेल तर या. खानापूर स्टेशनवर घ्यायला येतो.

उद्यमबाग_फिटर

येतो सर. ग्रीसची ट्यूब आणि भिंग घेऊन येतो. पोरांना ओ-रिंग पण दाखवू.